पडद्यावरचं बघून आपलीच छाती धडधडते, मग मुलाचं काय होत असेल?

हा प्रश्न नागपुरातले पालक मला वेगवेगळ्या शब्दांत विचारतात, उन्हाळ्यात जरा जास्तच. बाहेर ४५ अंश, दारं-खिडक्या बंद, कूलर सुरू आणि मूल दिवसभर स्क्रीनसमोर. अशाच एका घराबद्दल सांगते. घरच्यांना विचारून लिहिते आहे आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मानेवाड्याकडचं कुटुंब. वडील रेल्वेत, आई शिकवण्या घेते, मुलगा अकरावीत. तो लॅपटॉपवर गेम खेळत असताना आईने मोबाइलवर त्याच्या नकळत काढलेला व्हिडिओ दाखवला. काळोख्या पोकळीत चकाकणारा एक रूळ, त्यावरून सुसाट धावणारा चंदेरी भुंगा, चहूकडे वळवळणारे, उमलणारे, फुटणारे रंगीत आकार आणि शेवटी समोर उभं ठाकणारं अक्राळविक्राळ डोकं. "मॅडम, नशेत असंच दिसते म्हणतात नं? पोरगा काही घेऊन तर नाही राहिला?" हे विचारताना त्यांचा आवाज कापत होता. वडिलांचा उपाय ठरलेला होता, लॅपटॉप कुलपात. एकदा तो करूनही झाला होता. त्यानंतर मुलगा कितीतरी दिवस घरच्यांसोबत जेवायला बसला नाही.

अशा वेळी मी आधी मुलालाच तो खेळ शिकवायला सांगते. खेळाचं नाव 'थम्पर'. २०१६ साली 'ड्रूल' या दोन माणसांच्या स्टुडिओने तो आणला. त्यातला एक, ब्रायन गिब्सन, 'लाइटनिंग बोल्ट' या बँडचा बास गिटार वाजवणारा आहे. त्यामुळे खेळाचा सगळा कारभार संगीताच्या ठोक्यावर चालतो. रुळावर उजेडाची खूण आली की नेमक्या ठोक्याला बटण दाबायचं, वळण आलं की बटण दाबून धरून त्या बाजूला वळायचं. पहिली चूक झाली की भुंग्याचं कवच तुटतं, दुसऱ्या चुकीला तो संपतो आणि मागच्या चेकपॉइंटपासून, म्हणजे वाटेतल्या ठरावीक टप्प्यापासून, पुन्हा सुरुवात. असे एकूण ९ स्तर, प्रत्येक आधीच्यापेक्षा अवघड. रक्त नाही, माणसं मारणं नाही.

मुलगा एक फार महत्त्वाची गोष्ट बोलून गेला. म्हणाला, "थोड्या वेळानं ते रंग दिसतच नाहीत मॅडम. ठोकाच ऐकू येते फक्त." तो हेडफोन लावून खेळायचा. म्हणजे दारात उभ्या राहिलेल्या आईने इतके दिवस फक्त चित्र पाहिलं होतं, ताल एकदाही ऐकला नव्हता. पुढच्या भेटीत मी त्यांनाच हेडफोन लावायला दिले. दुसऱ्याच वळणावर भुंगा आपटला. मुलगा बाजूला बसून "आता दाबा, आता!" म्हणत राहिला आणि आईने चार-पाचदा प्रयत्न करून ते वळण पार केलं. कित्येक दिवसांनी दोघं एका गोष्टीवर एकत्र बोलत होती. नशेचा संशय त्या दिवशी बराचसा सैल झाला. मी मुलाला एकट्याला त्याबद्दल सरळ विचारलंही होतं. वागण्यात, मित्रांत, पैशांत तसं काहीच आढळलं नाही.

पण म्हणून मी "खेळू द्या, काही होत नाही" असं सांगून मोकळी झाले नाही. चमकणाऱ्या चित्रांचा एक धोका खरा आहे. १९९७ च्या डिसेंबरात जपानमध्ये 'पोकेमॉन'च्या एका भागात लाल-निळा प्रकाश झपाट्याने लखलखला आणि शेकडो मुलांना दवाखान्यात न्यावं लागलं. प्रकाशाने फेफऱ्याचा झटका येण्याची ही प्रवृत्ती फार थोड्या जणांत असते, पण ती बहुधा लहान आणि किशोरवयातच उघड होते. झोप अपुरी असेल तर झटक्याचा धोका वाढतो. म्हणून मी प्रत्येक घरी विचारते: मूल क्षणभर हरवल्यासारखं होतं का? सकाळी उठल्यावर हाताला झटका बसून कप, ब्रश खाली पडतो का? घरात कुणाला फेफरं आहे का? एका जरी प्रश्नाला 'हो' आलं तर खेळ बंद आणि आधी न्यूरॉलॉजिस्ट. या मुलात तसं काही नव्हतं. डोकं मात्र दुखायचं. डोळे तपासले तर चष्म्याचा नंबर वाढलेला निघाला.

खरी अडचण रात्रीची होती. घर झोपलं की अकरानंतर, दिवे मालवून, स्क्रीनला नाक लावून खेळ सुरू. झोप दोनच्या पुढे, सकाळी क्लासमध्ये डुलक्या. चाचणीतले गुण घसरले ते तिथे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीमध्ये गेमिंगच्या विकाराची ओळख दिली आहे: खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्यापेक्षा खेळ मोठा होणं, नुकसान दिसत असूनही तो वाढतच जाणं, आणि हे साधारण १२ महिने टिकणं. हा मुलगा संध्याकाळी ग्राउंडवर क्रिकेटला जात होता, मित्र होते, खेळ बंद केल्यावरचा राग दहा मिनिटांत उतरत होता. त्याला व्यसनी म्हणणं अन्याय झाला असता, आणि घरात तो शब्द रोज वापरला जात होता. तो थांबवा, असं मी वडिलांना स्पष्ट सांगितलं.

मग लॅपटॉप हॉलमध्ये आला. दिवा सुरू, स्क्रीनचा उजेड कमी, अंतर हातभर. डोळ्यांना खुपलं तर एक डोळा तळहाताने पूर्ण झाकायचा, नुसते डोळे मिटायचे नाहीत, कारण पापण्यांतूनही प्रकाश जातो. वेळेचा नियम आम्ही मुलाकडूनच करून घेतला. "अर्धा तास झाला, बंद कर" यावर रोज भांडण व्हायचं, कारण अर्धा तास नेमका एखाद्या अवघड जागी संपायचा. आता वेळ झाली की पुढचा चेकपॉइंट गाठून थांबायचं. तो दहा मिनिटांत नाहीच जमला तर जिथे असेल तिथे. दहानंतर लॅपटॉप नाही.

झोप सुधारली आहे. गुणांचं पुढच्या चाचणीत कळेल. शनिवारच्या रात्रीचं मात्र घरात अजून एकमत नाही: मुलाला बारापर्यंतची सूट हवी आहे, वडील तयार नाहीत आणि आई चक्क मुलाच्या बाजूने आहे. पुढच्या भेटीत तिघं तेच बोलायला येणार आहेत.