वाहतुकीच्या निधीवर मतदान : मराठवाड्यात शक्य आहे का?

प्रश्न : माझी पुतणी अमेरिकेत अटलांटाजवळ राहते. तिथे रस्ते व सार्वजनिक वाहतुकीच्या प्रादेशिक आराखड्यासाठी जादा कर द्यायचा की नाही, यावर 2012 मध्ये लोकांनी थेट मतदान केले, असे तिने सांगितले. आमच्या जिल्ह्याने रेल्वेसाठी मोर्चे काढले, उपोषणे केली. पण पैसा किती व कधी द्यायचा, हे आम्हाला कोणी विचारले नाही. असे मतदान आपल्याकडे घेता येईल का?
— एक वाचक, वडवणी (जि. बीड)

उत्तर : सध्याच्या कायद्यानुसार घेता येणार नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद 265 प्रमाणे कायद्याच्या आधाराशिवाय कोणताही कर बसवता येत नाही, आणि जनमत घेऊन कर ठरवण्याची तरतूद आपल्याकडे नाही. शिवाय 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यापासून एखाद्या जिल्ह्यापुरता विक्रीवर जादा कर घेण्याची वाटही बंद झाली आहे. अटलांटाचा प्रस्ताव नेमका तसाच होता : दहा काउंट्यांमध्ये (म्हणजे तिथल्या जिल्ह्यांमध्ये) दहा वर्षांसाठी विक्रीकरात एक टक्का वाढ. सुमारे 63 टक्के मतदारांनी तो फेटाळला. अटलांटा ज्या राज्यात आहे, त्या जॉर्जियाच्या बारा विभागांपैकी तीन विभागांनी मात्र हाच कर स्वीकारला.

आपण घेण्यासारखे जे आहे, ते मतदानाच्या आधी घडले. दहाही काउंट्यांच्या लोकप्रतिनिधींनी एकत्र बसून 157 कामांची यादी ठरवली आणि ती मतदारांपुढे ठेवली. त्यामुळे ‘नाही’ म्हणणाऱ्यालाही आपण कोणती कामे नाकारत आहोत, हे पाहता येत होते. आपल्याकडे असे झाले नाही. अहिल्यानगर–बीड–परळी या 261 किलोमीटरच्या रेल्वेमार्गाचा निम्मा खर्च राज्य सरकारने उचलायचा ठरवला, म्हणजे तो भार आपल्याच करांवर आला. 1995 मध्ये मंजूर झालेल्या या मार्गावर आष्टीपर्यंत गाडी 2022 मध्ये आणि बीडपर्यंत 2025 मध्ये पोहोचली. इतक्या वर्षांत कोणत्या टप्प्याला किती निधी आला आणि किती अडला, याचा साध्या मराठीतला हिशेब प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी दरवर्षी लावला गेला पाहिजे होता, असे माझे ठाम मत आहे.

जिल्ह्याच्या पातळीवर आपले म्हणणे मांडण्याची घटनात्मक जागा म्हणजे जिल्हा नियोजन समिती. पालकमंत्री तिचे अध्यक्ष असतात. मात्र अनुच्छेद 243 झेडडी नुसार तिचे किमान चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद व नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांनी आपल्यातून निवडायचे असतात. मराठवाड्यातील बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि नंतर दीर्घकाळ तिथे प्रशासक राहिले. त्या काळात ग्रामीण भागाचा निवडून आलेला आवाजच या समितीत उरला नाही, आणि मला हे नुकसान करावर मतदान नसण्यापेक्षा मोठे वाटते. म्हणून जिल्हा परिषदेसाठी मत मागायला येणाऱ्या उमेदवाराला गटारे व सभागृहांबरोबरच हेही विचारावे की, नियोजन समितीत तो रस्त्यांच्या आणि एसटीच्या कोणत्या कामांसाठी आग्रह धरणार आहे.

प्रश्न : मग ग्रामसभेच्या ठरावाला काही अर्थ आहे का?
— तेच वाचक

उत्तर : आहे, पण त्याची मर्यादा ओळखावी. ग्रामपंचायतीचा विकास आराखडा ग्रामसभेपुढे ठेवावा लागतो, त्यामुळे शिवारातला किंवा वस्तीचा रस्ता त्यात घालून घेणे गावाच्या हाती आहे. एसटीची फेरी किंवा रेल्वेचे स्थानक यांबाबतचा ठराव मात्र बंधनकारक नसतो. त्याचे वजन मागणीच्या तपशिलावर अवलंबून राहते. ‘बस सुरू करावी’ एवढेच न लिहिता, कॉलेजला किती मुली जातात, बाजाराचा वार कोणता आणि परतीची फेरी किती वाजता हवी, हे लिहावे व ठरावाच्या प्रती आगार व्यवस्थापक आणि जिल्हा नियोजन अधिकारी या दोघांकडे देऊन पोच घ्यावी. उत्तर न आल्यास माहितीच्या अधिकारात अर्ज करून त्या ठरावावर काय कार्यवाही झाली, हे विचारता येते. शेजारच्या चार-पाच गावांनी एकाच मार्गासाठी एकाच महिन्यात ठराव केले, तर आगाराला प्रवासीसंख्येचा अंदाज बांधणे सोपे जाते.