गणित विभागाचे वर्ष: प्रश्न तुमचे, उत्तरे आमची

या महिन्याच्या टपालात गोव्यातल्या शाळांची पत्रे जास्त आहेत आणि बहुतेक प्रश्न गणिताच्या उपक्रमांचे आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे देत आहोत.

22 डिसेंबरला आमच्याकडे दरवर्षी भाषण, रांगोळी आणि प्रश्नमंजूषा होते. मुलांच्या हाताने गणित होईल असे काही सुचवा. खर्च फार नको. (शिक्षिका, फोंडा)

रामानुजन यांचा जन्म 22 डिसेंबर 1887 चा, म्हणून हा दिवस राष्ट्रीय गणित दिवस. त्याच सुमारास सूर्य सर्वांत दक्षिणेला असतो आणि गोव्यात आभाळही बहुधा मोकळे असते. अशा दिवशी मुलांना सभागृहात बसवून ठेवू नका, मैदानावर न्या आणि आपल्या शाळेचे अक्षांश मोजायला लावा.

लागते ते एवढेच: जमिनीपासून टोकापर्यंत बरोबर 1 मीटर भरेल अशी सरळ काठी, ओळंबा, मोजपट्टी, खडू आणि सपाट जागा. सिमेंटचे अंगण सर्वांत चांगले. पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून अंगणाला उतार दिलेला असतो, तेव्हा आधी पाणसळ लावून पाहा. काठी दोन बाजूंनी ओळंब्याशी ताडून उभी करा. ती उत्तर-दक्षिण दिशेत 1 अंश कलली, तर उत्तरही जवळपास तेवढेच चुकते.

घड्याळात बारा वाजले म्हणजे माध्यान्ह झाली असे मुले धरून चालतात आणि इथेच बहुतेक प्रयोग फसतात. आपले घड्याळ 82.5 अंश पूर्व रेखांशाचे आणि पणजी 73.8 अंशांवर. अंशाला 4 मिनिटे धरली तर फरक सुमारे 35 मिनिटांचा. 22 डिसेंबरच्या सुमारास सूर्य दीड-दोन मिनिटे पुढे असतो, ती वजा केली की पणजीची खरी माध्यान्ह 12.33 च्या आसपास येते. म्हणून 12.05 पासून 1 वाजेपर्यंत दर 5 मिनिटांनी सावलीच्या टोकाला खूण करा, लांबी लिहा आणि आलेख काढा. सर्वांत आखूड सावली आलेखावरून ठरवा. माध्यान्हीच्या आसपास लांबी फारशी बदलत नाही, त्यामुळे एकाच मापावर भिस्त ठेवू नका.

पणजीला ही सावली सुमारे 81 सेंटिमीटर भरते. दहावीची मुले 0.81 ही टॅनची किंमत घेऊन 39 अंश काढतील. सातवी-आठवीने त्रिकोण 1:10 प्रमाणात कागदावर काढून कोनमापकाने मोजावा, तेही पुरते. सूर्य त्या दिवशी विषुववृत्ताच्या 23.4 अंश दक्षिणेला असतो, तेवढे वजा केले की 15.6 उरतात. पणजीचे अक्षांश साडेपंधरा आहेत.

सावलीचे टोक धूसर का, हे मुले विचारतीलच. सूर्य बिंदू नाही, आकाशात तो अर्ध्या अंशाएवढा दिसतो. त्यामुळे 1 मीटर काठीच्या सावलीचे टोक दीड सेंटिमीटरभर पसरते. त्या पट्ट्याचा मध्य धरा. 1 सेंटिमीटर चुकले तर उत्तर साधारण एक तृतीयांश अंशाने चुकते. काठी दुप्पट उंच केली तर मोजपट्टीची चूक निम्मी जाणवते, पण धूसरपणाही दुप्पट होतो. पेडणे आणि काणकोण यांच्या सावल्यांत फरक जेमतेम 2 सेंटिमीटरचा आहे, म्हणून या दोन तालुक्यांतल्या शाळांनी एकमेकींशी तुलना करून फार काही हाती लागणार नाही. त्यापेक्षा मुंबईतली एखादी शाळा जोडून घ्या. तिथे सावली 92 सेंटिमीटरच्या आसपास येते. दोन्हीकडच्या कोनांतला फरक सुमारे 3.6 अंश आणि नकाशावरचे दक्षिणोत्तर सरळ अंतर सुमारे 400 किलोमीटर. 3.6 अंश म्हणजे वर्तुळाचा शंभरावा भाग, म्हणजे पृथ्वीचा परीघ 40,000 किलोमीटर. रस्त्याचे अंतर मात्र घेऊ नका, ते वळणांमुळे बरेच जास्त भरते.

22 तारखेला रविवार आला तर 18 ते 26 डिसेंबरमधला कोणताही दिवस चालेल. या काळात सूर्य दक्षिणोत्तर 0.1 अंशही सरकत नाही.

पायचा प्रयोग केला की आमच्या मुलांचे उत्तर नेहमी 3.3 च्या आसपास येते. चुकते कुठे? (शिक्षक, डिचोली)

बहुधा सुतळीत. 6 सेंटिमीटर व्यासाच्या बाटलीला 3 मिलिमीटर जाडीची सुतळी गुंडाळली, की सुतळीचा मध्य 6.3 सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळावर फिरतो. लांबी भरते 19.8 आणि 6 ने भागल्यावर येतात 3.3. म्हणजे मुलांनी बरोबर मोजले, फक्त दुसरेच वर्तुळ मोजले! सुतळीऐवजी वहीच्या कागदाची 1 सेंटिमीटर रुंद पट्टी वापरा. पट्टी घट्ट गुंडाळा, जिथे टोके एकावर एक येतात तिथे टाचणीने आरपार भोक पाडा आणि पट्टी सरळ करून दोन भोकांतले अंतर मोजा.

व्यासही पट्टी आडवी धरून मोजला तर हमखास कमी भरतो, कारण ती केंद्रावरून जातेच असे नाही. दोन गुण्यांमध्ये वस्तू पकडून गुण्यांतले अंतर मोजा. नारळाची करवंटी टाळा, ती नेमकी गोल नसते. बादली, पातेल्याचे झाकण, डबा अशा निदान सहा वस्तू घ्या आणि व्यासासमोर परीघ मांडून आलेख काढा. मोठ्या वस्तूत तीच चूक कमी जाणवते, हे मुलांना आलेखातच दिसेल.

14 मार्च, म्हणजे 3.14 वरून ठरलेला पाय दिवस, परीक्षांच्या ऐन गर्दीत येतो. 22 जुलैला करा, 22/7 म्हणून तो दिवसही शोभतो आणि पावसात वर्गातच करायचा उपक्रम लागतोच.

पाचवी-सहावीसाठी कापरेकरांचा 6174 घेतला, पण काही मुलांचे उत्तर शून्य आले. (शिक्षिका, साखळी)

यात चार अंकी संख्येचे अंक उतरत्या क्रमाने लावायचे, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करायची आणि आलेल्या उत्तराचे पुन्हा तेच करत राहायचे, शेवटी 6174 येते. चारही अंक सारखे असतील, उदाहरणार्थ 4444, तर शून्य येणारच, तेवढे वगळायला सांगा. दुसरे कारण हरवलेला शून्य. 2111 घ्या. 2111 वजा 1112 म्हणजे 0999. मूल 999 लिहिते आणि पुढच्या पायरीला 999 वजा 999 करून मोकळे होते. चार घरे आखून द्या आणि डावीकडचा शून्य लिहायलाच लावा: 9990−0999=8991, 9981−1899=8082, 8820−0288=8532, 8532−2358=6174. कोणतीही संख्या जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत पोचते. प्रत्येक वजाबाकीला 9 ने भाग जातो, म्हणून अंकांची बेरीज 9, 18 किंवा 27 आली नाही तर मुलाने तिथेच थांबून चूक शोधावी. देवळालीच्या या शाळामास्तरांचा जन्मदिवस 17 जानेवारी, उपक्रमाला तोच मुहूर्त साधा.

गोव्याच्या गणितज्ञावर काही करता येईल का? (मुख्याध्यापक, पेडणे)

जरूर. दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा जन्म 31 जुलै 1907, गोव्यातल्या कोसबें गावचा. प्राचीन नाण्यांची वजने घेऊन त्यांनी संख्याशास्त्राने इतिहासाचा अभ्यास केला. नाणे हातोहात फिरत झिजते, त्या झिजेचा मागही त्यांनी घेतला. मुलांना रुपयाची नाणी जमवायला सांगा. किमान 100 हवीत. स्वयंपाकघरातला 1 ग्रॅमचा काटा इथे निरुपयोगी, 0.01 ग्रॅम दाखवणारा लागतो, सोनाराकडे असतो तसा. सगळी नाणी एका ढिगात तोलू नका. रुपयाच्या जुन्या-नव्या मालिकांचे वजन मुळातच वेगळे आहे, त्यामुळे स्तंभालेखाला दोन शिखरे येतात आणि मुलांना ती झीज वाटते. आधी आकार आणि साल पाहून गट पाडा. पोलादी नाणी फार थोडी झिजतात, फरक दिसला नाही तर तसाच लिहा.

वार्षिक अहवालात यशाचे आकडे कसे मांडावेत? (विभागप्रमुख, मडगाव)

छेदासह. "स्पर्धेत 4 विद्यार्थी चमकले" यातून काहीच कळत नाही. किती बसले, कोणत्या इयत्तेचे, मागच्या वर्षी किती, हे शेजारी हवे. उपक्रम झाला त्याच आठवड्यात एक पान लिहून ठेवा: साहित्य, वेळ, मुलांची मापे आणि काय बिघडले. सावलीचा आलेख मुलाच्या हस्ताक्षरात जसाच्या तसा लावा. बक्षीस घेतानाच्या फोटोपेक्षा पुढच्या वर्षीच्या शिक्षकाला त्याचाच उपयोग होतो.

ऑलिंपियाडची तयारी कधी सुरू करावी? (पालक, म्हापसा)

पहिली पायरी आयओक्यूएम, म्हणजे गणित ऑलिंपियाडची देशपातळीवरची पात्रता परीक्षा: 3 तास, 30 प्रश्न, 100 गुण, उत्तरे 00 ते 99 मधले पूर्णांक. ती साधारण सप्टेंबरात असते. जूनमध्ये सुरुवात केली तर पाऊस आणि चवथीची सुट्टी यांत वेळ निघून जातो. म्हणून आदल्या दिवाळीनंतर, आठवड्याला दोन तास द्या. भाज्यता आणि मोजणीची तत्त्वे आधी घ्या, पाठ्यपुस्तकात ती सर्वांत कमी असतात. एका बैठकीला तीन प्रश्न पुरेत. सुटला नाही तो प्रश्न आठवडाभर मुलाकडेच राहू द्या, लगेच उत्तर दाखवू नका.