आधी मुदत वाढवा, भांडण नंतर

सोलापुरात शेंगा चटणी, काळा मसाला आणि कडक भाकरी विकणाऱ्या एका ताईंचे पत्र आले आहे. २०१९ साली ओळखीतल्या एका तरुणाने त्यांना वेबसाइट करून दिली. दुकानाच्या नावाचे डॉट कॉम डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, हेही त्यानेच घेतले, स्वतःच्या खात्यातून आणि स्वतःच्या ईमेलवर. ताई दरवर्षी त्याला यूपीआयने पैसे पाठवत राहिल्या. तो आता पुण्यात असतो. यंदा मार्चमध्ये त्याने ‘देखभाल आणि हस्तांतरण’ म्हणून नव्वद हजार रुपये मागितले आणि न दिल्यास साइट बंद करीन, असा मेसेज केला. ताईंनी वाट पाहिली. आता त्या विचारतात: पैसे मी भरले, नाव माझ्या दुकानाचे, पाकिटांवर तेच छापलेले, मग वेबसाइट कायद्याने माझीच नाही का? पोलिसांकडे जाऊ की ग्राहक मंचात? पत्राच्या शेवटच्या ओळीत त्यांनी जाता जाता लिहिले आहे की डोमेनची मुदत पुढच्या महिनाअखेरीस संपते.

ताई, ही ओळ पत्रात सर्वांत वर हवी होती. मार्चमध्ये धमकीचा मेसेज आला तेव्हाच ती तारीख तुम्ही शोधायला हवी होती. तुमच्यासारखी पत्रे मला नेहमी येतात. कोणाचे होमस्टे असते, कोणाचे शिवणकाम, कोणाची आंब्याची पेटी. प्रत्येक जण मालकी कोणाची एवढेच विचारतो. मालकीचा वाद न्यायालयात काही वर्षे चालू शकतो. डोमेनची मुदत मात्र निकालासाठी थांबत नाही.

डोमेन हे विकत घेऊन कपाटात ठेवायचे खरेदीखत नव्हे. नोंदणी करणारी कंपनी, म्हणजे रजिस्ट्रार, आणि नोंदणीधारक यांच्यातला तो मुदतीचा करार आहे. गाळ्याचे भाडे तुम्ही भरत आलात, पण भाडेकरारावर सही त्या मुलाची आहे, अशी तुमची अवस्था आहे. रजिस्ट्रार तुम्हाला ओळखतच नाही. डॉट कॉम नावांबाबत आयकॅन या जागतिक संस्थेचा नियम असा आहे की मुदत संपण्याच्या सुमारे एक महिना आधी, सुमारे एक आठवडा आधी आणि संपल्यावर पाच दिवसांच्या आत रजिस्ट्रारने स्मरणपत्र पाठवायचे. पाठवायचे कोणाला? नोंदणीधारकाला. म्हणजे तिन्ही पत्रे त्या मुलाच्या ईमेलवर जाणार. तुम्हाला कळेल ते ग्राहकाचा फोन आल्यावर, ‘ताई, तुमची साइट उघडत नाही’ म्हणून.

मुदत संपल्यावर नाव लगेच नाहीसे होत नाही, हे खरे. बरेच रजिस्ट्रार काही आठवडे नेहमीच्या दरात नूतनीकरण करू देतात. नाव रद्द झाले तरी ३० दिवसांची सोडवणुकीची मुदत असते, तिचे शुल्क बरेच जास्त असते. त्यानंतर पाच दिवसांनी नाव कोणालाही घेता येते. पण यातली पहिली सवलत रजिस्ट्रारच्या मर्जीवर असते आणि काही रजिस्ट्रार त्याच काळात नाव लिलावात काढतात. दुसरी सवलत नोंदणीधारकाला मिळते, तुम्हाला नाही. त्यामुळे ‘अजून दीडदोन महिने आहेत’ असा हिशेब करू नका. तुमच्यासाठी शेवटची तारीख महिनाअखेरच.

आजच आयकॅनच्या लुकअप पानावर तुमचे डोमेन टाकून पाहा. व्यक्तीचे नाव-पत्ता बहुधा झाकलेला असेल. पण रजिस्ट्रार कोण, मुदत कधी संपते आणि नाव कोणत्या स्थितीत आहे, हे दिसेल. तिथे ‘संस्था’ या रकान्यात काय लिहिले आहे, ते डोळे उघडे ठेवून पाहा. तो रकाना भरलेला असेल तर आयकॅनच्या आताच्या धोरणानुसार ती संस्थाच नोंदणीधारक मानली जाते. त्या मुलाने २०१९ मध्ये सहज म्हणून तिथे तुमच्या दुकानाचे नाव टाकले असेल, तर अर्धी लढाई तुम्ही जिंकलीत. मग उद्यम प्रमाणपत्र, जीएसटी आणि दुकानाच्या नावाचे बँक खाते घेऊन थेट रजिस्ट्रारच्या तक्रार विभागाकडे जा. रकाना रिकामा असेल किंवा त्यात त्याचेच नाव असेल, तर पुढचे वाचा.

पहिले काम नूतनीकरण. ते एका वर्षाचेच करून घ्या. त्याला आज लेखी कळवा, व्हॉट्सअॅप आणि ईमेल दोन्हींवर: ‘डोमेनच्या एका वर्षाच्या नूतनीकरणाचे शुल्क मी भरते आहे, पावती पाठव. नव्वद हजारांची मागणी मला मान्य नाही. माझे सर्व हक्क राखून हे पैसे देत आहे.’ रक्कम बँकेतून पाठवा आणि कारणाच्या जागी ‘डोमेन नूतनीकरण’ लिहा. ज्याने धमकी दिली त्याला पुन्हा पैसे द्यायचे, याचा राग येईल हे मी जाणतो. पण हे शुल्क साधारण हजार-दीड हजाराच्या घरातले आहे. तेवढ्यासाठी सहा वर्षांचे नाव पणाला लावू नका. त्याने पैसे घेऊनही नूतनीकरण केले नाही, तर तो मेसेज आणि ती नोंद न्यायालयात तुमच्या फार उपयोगी पडेल.

त्याने आठवड्याभरात नूतनीकरण केले नाही तर वकिलामार्फत नोटीस, आणि नोटिशीची मुदत लहान, सात दिवसांची. त्यानंतर न्यायालय. इथे तुमचा उशीर तुमच्या विरोधात जाऊ शकतो, म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

डोमेन नावांचे वाद व्यापारी न्यायालय अधिनियम, २०१५ मध्ये ‘व्यापारी वाद’ या व्याख्येत नावानिशी घेतलेले आहेत. दाव्याचे मूल्य तीन लाख किंवा त्याहून अधिक असेल, तर कलम १२अ नुसार दाव्याआधी मध्यस्थी करावीच लागते. ती सक्तीची आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. मध्यस्थीला काही महिने जातात आणि तेवढ्यात तुमचे नाव दुसऱ्याच्या हातात गेलेले असेल. यातून सूट एकच: तातडीचा अंतरिम दिलासा, म्हणजे निकालाआधीचा तात्पुरता आदेश, मागायचा असेल, तर मध्यस्थी न करता दावा दाखल करता येतो. पण नुसते ‘तातडीचे’ लिहून चालत नाही. तातडी खरी आहे की मध्यस्थी टाळण्यासाठी रचलेली, हे न्यायालय तपासू शकते. समोरचा वकील पहिला प्रश्न हाच विचारेल: मार्चपासून गप्प का होता? बौद्धिक संपदेच्या, म्हणजे व्यापारी नाव, चिन्ह, कॉपीराइट अशा हक्कांच्या वादात उल्लंघन चालू असेल, तर न्यायालये विलंबाकडे थोड्या उदारपणे पाहतात. पण त्या उदारपणाच्या भरवशावर दावा उभा करू नका. तुमच्याकडे एक भक्कम उत्तर आहे, ते म्हणजे मुदतीची तारीख. ती दाव्याच्या पहिल्याच परिच्छेदात हवी. कोणताही न्यायाधीश ती तारीख वाचून तातडी कशासाठी आहे ते समजेल.

अंतरिम अर्जात मागणी छोटी ठेवा. ‘डोमेन माझ्या नावावर करा’ असा आदेश दाव्याच्या सुरुवातीला मिळणे फार कठीण असते, कारण तो निकालाआधीच निकाल दिल्यासारखा होतो. मागायचे ते एवढेच: प्रतिवादीने नाव विकू नये, हलवू नये, मुदत संपू देऊ नये आणि वादीच्या खर्चाने नूतनीकरण करावे. करार सोलापुरात झाला आणि पैसे सोलापुरातून गेले, म्हणून दावा सोलापुरात चालवता यावा. तो पुण्यात राहतो एवढ्याने तुम्ही पुण्याला हेलपाटे घालायची गरज बहुधा पडणार नाही. अपील करायची वेळ आलीच, तर २०२५ पासून उच्च न्यायालयाचे कोल्हापूरचे सर्किट बेंच तुमच्यासाठी आहे.

यंत्रणेबद्दलही बोलले पाहिजे. एकतर्फी मनाई, म्हणजे समोरच्याला न ऐकता दिलेला मनाईहुकूम, मिळाली, तर अर्जाचा निकाल ३० दिवसांत लावण्याचा प्रयत्न करावा, असे दिवाणी प्रक्रिया संहिता सांगते. प्रत्यक्षात नोटीस बजावली गेली नाही, वकील हजर नाहीत, साहेब रजेवर आहेत, अशा कारणांनी तारखा पडत जातात. छोट्या व्यावसायिकाला हे परवडत नाही. तीस रुपयांच्या चटणीच्या पाकिटावर चालणारे घर प्रत्येक तारखेला दुकान बंद ठेवून न्यायालयाच्या दारात उभे राहू शकत नाही. म्हणूनच मी तुम्हाला आधी हजार-दीड हजार भरायला सांगितले.

दुसरा मार्ग आयकॅनच्या डोमेन वाद निवारण धोरणाचा, ज्याला यूडीआरपी म्हणतात. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे, म्हणजे वायपोकडे, ऑनलाइन तक्रार करता येते. निकाल न्यायालयाच्या मानाने पुष्कळ लवकर लागतो. तक्रार दाखल झाली की रजिस्ट्रार नाव कुलूपबंद करतो. आणि तक्रार चालू असताना मुदत संपली, तर नाव जिवंत ठेवण्याची संधी तक्रारदाराला द्यावी लागते. तुमच्या दृष्टीने ही तरतूद मोलाची आहे. पण एका पंचासमोरच्या तक्रारीचे शुल्क १,५०० डॉलर आहे, म्हणजे सव्वा लाखाच्या पुढे. त्याने मागितल्यापेक्षा जास्त. शिवाय नाव वाईट हेतूने नोंदवले आणि वापरले, या दोन्ही गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. त्याने २०१९ मध्ये नाव तुमच्याच सांगण्यावरून घेतले, मग तेव्हाचा हेतू वाईट कसा, हा प्रश्न उभा राहतो. पैशाच्या हिशेबाचा वाद दिसला, तर पंच अनेकदा ‘हे न्यायालयात न्या’ म्हणून तक्रार फेटाळतात. तुमच्या प्रकरणात हा मार्ग मी शेवटचा ठेवीन.

पुरावा कोणता? इथे तुमची चटणीची पाकिटे तुम्हाला वाचवतील. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सत्यम इन्फोवे प्रकरणात सांगितले आहे की डोमेन नावाला व्यापारचिन्हासारखेच (ट्रेडमार्कसारखेच) संरक्षण मिळू शकते, ते चिन्ह नोंदवलेले नसले तरी. त्यासाठी ते नाव लोक तुमच्या मालाशी जोडतात, हे दाखवावे लागते. म्हणून छपाईवाल्याची २०१९ ची आणि त्याआधीची बिले, पाकिटांचे जुने नमुने, अन्न परवाना, कुरिअरच्या पावत्या, यूपीआयच्या नोंदी, सगळे गोळा करा. मेसेज ज्या फोनमध्ये आहेत तो बदलू नका, रीसेट करू नका. नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र लागते आणि त्यात तुमच्याबरोबर तज्ज्ञाचाही भाग असतो. ते आताच करून घ्या.

‘पैसे मी भरले म्हणून वेबसाइट माझी’ हे मात्र पूर्ण खरे नाही. तो तुमचा पगारी नोकर नव्हता. अशा बाहेरच्या माणसाने लिहिलेल्या कोडचा आणि मांडणीचा पहिला कॉपीराइट सहसा त्याचाच असतो, आणि तो तुमच्याकडे येण्यासाठी त्याच्या सहीचा लेखी कागद लागतो. फोटोंचे वेगळे आहे. तुम्ही मोबदला देऊन काढून घेतलेले मालाचे फोटो, उलट करार नसेल तर, तुमचेच. तुम्ही स्वतः लिहिलेला मजकूर अर्थातच तुमचा. म्हणून कोडसाठी भांडत बसू नका. फोटो, मजकूर आणि ग्राहकांच्या ऑर्डरची यादी आज उतरवून घ्या. साइट नवी करता येते, नाव नवे करता येत नाही.

पोलिसांत तक्रार करता येईल. ‘पैसे दे नाहीतर बंद करीन’ या मेसेजवर खंडणी किंवा विश्वासघात बसतो का, हे पूर्ण संभाषण वाचल्याशिवाय मी सांगणार नाही. ठाण्यात बहुधा ‘दिवाणी प्रकरण आहे’ असे ऐकावे लागेल. ग्राहक आयोगाचे दार पूर्ण बंद नाही. निव्वळ उदरनिर्वाहासाठी स्वयंरोजगार म्हणून घेतलेली सेवा व्यापारी हेतूची नाही, असा युक्तिवाद करता येतो. पण तुमच्याकडे किती माणसे कामाला आहेत, उलाढाल किती, यावर ते ठरेल. या दोन्हींपैकी कशानेही महिनाअखेरीची तारीख पुढे जात नाही.

त्याच नावाचे डॉट इन डोमेन मोकळे असेल तर आजच घ्या, दुकानाच्या नावावर आणि दुकानाच्या ईमेलवर. व्यापारचिन्हाचा अर्जही करा. छोट्या उद्योगाला ऑनलाइन अर्जाचे शुल्क एका वर्गाला ४,५०० रुपये आहे, चटणी-मसाले वर्ग ३० मध्ये येतात. नोंदणी या भांडणापुरती वेळेत होणार नाही, पण पुढे कोणी नाव वापरले तर दावा तुमच्या गावी चालवण्याचा हक्क त्यातून मिळतो. नवी साइट उभी करताना दुकानाचे कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव तिथे द्या. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवे.

तडजोड झाली, तर ती नाकारू नका. योग्य वाटेल ती रक्कम द्या, पण क्रम सांभाळा. आधी डोमेन त्याच रजिस्ट्रारकडच्या तुमच्या खात्यात यावे, मग पैसे. दुसऱ्या रजिस्ट्रारकडे आत्ता नेऊ नका. नोंदणीधारक बदलला की सहसा ६० दिवस बाहेर हलवता येत नाही आणि त्यात घोळ होतो. करारात कोड, मांडणी आणि लोगोचे हक्क कायमचे आणि जगभरासाठी तुमच्याकडे दिले, असे स्पष्ट लिहून घ्या. मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षांची धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. तुमची चटणी अमेरिकेला जाते, असे तुम्हीच लिहिले आहे. तुम्ही स्वतःच्या फोनवरून त्या खात्यात लॉगिन करा आणि नोंदणीधारक म्हणून दुकानाचे नाव दिसले, की मगच करारावर सही करा.