गांजाच्या मोठ्या केसमध्ये टेम्पोचालकाला जामीन का मिळत नाही? कोर्ट नेमकं काय पाहतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: टेम्पोत ६२ किलो गांजा सापडला, मावसभाऊ फक्त चालक होता, आधीचा एकही गुन्हा नाही, घरी आई आजारी, अटकेला चार महिने झालेत, तरी विशेष न्यायालयाने जामीन फेटाळला. खुनाच्या आरोपीलाही जामीन मिळतो, मग याला का नाही? मी फौजदारी वकील आहे आणि एनडीपीएसच्या, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या, केसेस आरोपीच्या बाजूने चालवतो. घरच्यांचा हा प्रश्न कायम असतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळं त्या ६२ आकड्यापाशी अडलंय. १९८५ च्या या कायद्याखाली ऑक्टोबर २००१ मध्ये अधिसूचना निघाली आणि प्रत्येक पदार्थाचं अल्प प्रमाण व व्यावसायिक प्रमाण ठरलं. गांजाला १ किलो आणि २० किलो, चरसला १०० ग्रॅम आणि १ किलो, हेरॉईनला ५ ग्रॅम आणि २५० ग्रॅम. एमडी, म्हणजे मेफेड्रोन, यादीत नंतर आलं. त्याची व्यावसायिक मर्यादा फक्त ५० ग्रॅम. माल या दोन आकड्यांच्या मधला असेल तर जामिनाचा विचार बराचसा इतर गुन्ह्यांसारखा होतो. व्यावसायिक प्रमाण झालं की शिक्षा किमान १० वर्षं, कमाल २० वर्षं, आणि कलम ३७ आडवं येतं. त्यात सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या हिरा सिंग निकालापासून भेसळीसकट पूर्ण वजन धरतात, फक्त शुद्ध अमली पदार्थाचं नाही.

कलम ३७ म्हणतं की सरकारी वकिलाने विरोध केला, तर कोर्टाला दोन गोष्टी पटल्याशिवाय जामीन देता येणार नाही. आरोपी दोषी नाही असं मानायला वाजवी कारणं आहेत, आणि जामिनावर असताना तो पुन्हा गुन्हा करण्याची शक्यता नाही. दोन्ही अटी एकत्र पूर्ण व्हाव्या लागतात. खुनाच्या केसमध्ये सत्र किंवा उच्च न्यायालयावर असं बंधन नाही. पुरावा, पळून जाण्याचा धोका, साक्षीदारांवर दबाव हे पाहून ते आपला अधिकार वापरतात. इथे मात्र खटला सुरू होण्याआधीच निर्दोषपणाच्या बाजूने काहीतरी ठोस दाखवावं लागतं. आईचं आजारपण, गरिबी, लहान मुलं यातलं काहीही त्या दोन अटींत बसत नाही. फार तर थोड्या दिवसांचा तात्पुरता जामीन मिळतो. न्यायाधीश निर्दयी आहेत असं मनात आणू नका, त्यांचे हात कायद्यानेच बांधलेले आहेत.

म्हणून जामिनाची खरी लढाई जप्तीच्या कागदांवर होते. मी आधी पंचनामा वाचतो, आणि पुन्हा पुन्हा वाचतो. गांजाच्या केसमध्ये पहिला प्रश्न: वजन कशाचं केलं? कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलं-फळं आलेले शेंडे. शेंड्यांशिवायची पानं आणि बिया त्यात धरत नाहीत. पोलिसांनी पानं, देठ, काड्या सगळं एकत्र तोललं असेल, तर नेमका गांजा २० किलोच्या वर होता का, ही शंका उभी राहते. मुंबई उच्च न्यायालयाने या मुद्द्यावर जामीन दिलेले आहेत. दुसरा प्रश्न नमुन्यांचा. सगळ्या पाकिटांतला माल एकत्र करून त्यातून नमुना काढला, तर प्रत्येक पाकिटात गांजाच होता हे कशावरून? पंचनाम्यातला रंग, वजन, सील आणि सीए रिपोर्टमधलं (रासायनिक तपासणीच्या अहवालातलं) वर्णन जुळतं का? खबर मिळाल्यावर ती लिहून वरिष्ठांना कळवली का? हे सगळं तारीख-वेळेसकट ताडून पाहावं लागतं.

कलम ५० बद्दल मात्र तुमच्या वकिलांशी स्पष्ट बोला. दंडाधिकाऱ्यासमोर किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर झडती घ्या असं सांगायचा हक्क अंगझडतीपुरता आहे. गाडीत किंवा बॅगेत सापडलेल्या मालाला तो लागू होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितलंय. तुमच्या केसमध्ये त्यावर भर दिला तर वेळ जाईल. दंडाधिकाऱ्यासमोर नमुने घेण्याच्या कलम ५२अ चंही तसंच. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की तेवढ्या उशिरावर किंवा त्रुटीवर जामीन मिळत नाही.

आता चालकाचं. 'त्याच्या अंगावर काही सापडलं नाही' हे पुरत नाही. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गाडीत लपवलेल्या हेरॉईनच्या प्रकरणात, अंगावर काही नव्हतं या कारणावर उच्च न्यायालयाने दिलेला जामीन रद्द केला. मुद्दा आहे जाणीवपूर्वक ताब्याचा: माल काय आहे हे त्याला माहीत होतं का? टेम्पो कोणाचा, भाडं कोणी ठरवलं, बिल्टीवर (माल वाहतुकीच्या पावतीवर) कोणता माल लिहिलाय, पोती वर उघडी होती की कांद्याखाली दडवलेली, मालकाशी फोन किती आणि कधी. मालकाकडून मिळालेल्या पगाराचे मेसेज असले तर ते आजच जपून ठेवा.

माल दुसऱ्याकडे सापडला आणि तुमच्या माणसाचं फक्त नाव घेतलं गेलं, तर गोष्ट बरीच सोपी असते. अमली पदार्थ पथकाच्या अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही, हे तोफान सिंग निकालाने २०२० मध्ये ठरवलं. मुंबईच्या क्रूझ प्रकरणात आर्यन खानला ऑक्टोबर २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने जामीन दिला, तोही त्याच्याजवळ काहीच न सापडल्यामुळे आणि चॅटमधून कट दिसत नसल्यामुळे. पुढे त्याच्यावर आरोपपत्रही आलं नाही.

राहिला काळाचा मुद्दा, आणि इथे मला मनापासून वाईट वाटतं. कलम ३७ एवढं कडक ठेवायचं असेल तर खटला वेळेत संपवणं ही सरकारची जबाबदारी आहे. साक्षीदार येत नाहीत, तारखा पडतात, आणि तरुण मुलं कच्च्या कैदेत वर्षं काढतात. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात वर्षांहून जास्त काळ आत असलेल्या आरोपीला सोडलं आणि सांगितलं की कलम ३७ चा शब्दशः अर्थ लावला तर जामीन कुणालाच मिळणार नाही. त्याच वर्षी २४७ किलो गांजाच्या केसमध्ये साडेतीन वर्षांच्या कैदेनंतर जामीन मिळाला. राज्यघटनेचा अनुच्छेद २१, म्हणजे जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क, तिथे वरचढ ठरला. पण सर्वोच्च न्यायालयाचाच २०२२ चा निकाल उलट बाजूला आहे: आरोपपत्र आलं आणि काही काळ आत काढला, एवढ्यावर भागत नाही. चार महिन्यांत हा मुद्दा मांडू नका. तारखांचे रोजनामे (प्रत्येक तारखेला काय झालं याची कोर्टाची नोंद) मात्र आत्तापासून काढून ठेवा, पुढे तेच कामाला येतील.

आणि सगळ्यात तातडीचं. व्यावसायिक प्रमाणात आरोपपत्रासाठी १८० दिवस असतात, पहिल्या रिमांडचा दिवस धरून. सरकारी वकिलाने तपासाची प्रगती आणि कोठडीची ठोस कारणं देणारा अहवाल सादर केला तर कोर्ट ही मुदत एक वर्षापर्यंत वाढवू शकतं. मुदतवाढही नाही आणि आरोपपत्रही नाही, अशा वेळी कलम ३७ आड येत नाही, जामीन हक्काने मिळतो. पण अर्ज आरोपपत्राच्या आधी कोर्टात पडायला हवा. आधी आरोपपत्र आलं तर हक्क गेला. तुमचे चार महिने झालेत, म्हणजे साधारण दोनच उरलेत. वकिलांकडून रिमांडची पहिली तारीख आजच घ्या, १८१ वा दिवस काढा आणि अर्ज टाईप करून तयार ठेवा. वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.