विहिरीवरचे अर्धवट खोपे

प्रश्न : आमच्या मळ्यातल्या विहिरीवर बाभळीला सुगरणीचे खोपे लोंबतात. निम्मे अर्धेच विणलेले. कुणी मोडले असतील का? (सांगोला तालुका)

उत्तर : नाही हो, ते मोडलेले नाहीत. खोपा विणतो तो पिवळ्या डोक्याचा नर. उसाच्या पातीचे धागे सोलून आणतो, डोक्यावरच्या टोपासारखं अर्धं विणून झालं की पंख फडफडवत मादीला बोलावतो. तिला खोपा पसंत पडला तरच पुढं आत-बाहेर करायची नळी उतरते; नाहीतर तो तसाच राहतो. लहानपणी विहिरीच्या थारोळ्यावर (मोटेचं पाणी पडायची दगडी कुंडी) बसून मी हे तासन्‌तास पाहिलंय. खोप्याच्या आत चिखलाचे गोळेही थापलेले असतात! अंडी मादी एकटीच उबवते, नर दुसरा खोपा सुरू करतो. एक विनंती, ती बाभळ दिवाळीपर्यंत छाटू नका.