हे पैसे हरवले तर?

“महिनाअखेरीस थोडे पैसे उरतात. फार नाही, पण उरतात. त्यांचं नेमकं काय करावं तेच कळत नाही.”

मी समुपदेशक आहे आणि हे वाक्य माझ्यासमोर इतक्या जणांनी उच्चारलंय, की आता पहिले चार शब्द ऐकले की पुढचे मला कळतात. गंमत म्हणजे ही काळजी कुणी पहिल्या भेटीत सांगत नाही. पैसे नाहीत म्हणून रडणाऱ्याला जग समजून घेतं. थोडे उरतात म्हणून अस्वस्थ असलेल्याला घरचेच म्हणतात, “तुला काय, दुःखही श्रीमंती!” मग माणूस झोपेची तक्रार घेऊन येतो, चिडचिड घेऊन येतो आणि तिसऱ्या-चौथ्या भेटीत, दारापर्यंत गेल्यावर, मागे वळून हे बोलतो.

असेच एक गृहस्थ आले होते. (ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदलले आहेत.) चाळिशीतले, नोकरदार, दोन मुलं. कर्जाचे हप्ते बरीच वर्षं फेडत होते, ते नुकतेच संपले होते. घरात आनंद व्हायला हवा होता. झालं उलटंच. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत ते मोबाइलवर गुंतवणुकीबद्दल वाचत बसत आणि सकाळी मुलांवर खेकसत. त्यांच्याकडे एक वही होती. तिच्यात ‘पर्याय’ असं शीर्षक घालून आकडेमोड केलेली होती.

“किती पर्याय झालेत?” मी विचारलं.

“सतरा-अठरा असतील.”

“आणि पैसे कुठे आहेत?”

ते ओशाळून हसले. “तेच तर मॅडम! एक तारखेला खात्यात दिसतात, तीस तारखेला दिसत नाहीत. मी काही केलेलंच नसतं त्यांचं.”

अशा वेळी लोकांच्या बोलण्यात दोन सूर असतात. एक म्हणतो, “एवढ्याशा पैशांनी काय होणार?” दुसरा म्हणतो, “एवढेच तर आहेत, चुकून चालणार नाही.” ही दोन वेगळ्या स्वभावांची माणसं असतात असं आपण समजतो. माझा अनुभव असा, की पुष्कळदा ती एकाच डोक्यात नांदत असतात. महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात दुसरा सूर चालतो, म्हणून निर्णय होत नाही. शेवटच्या आठवड्यात पहिला चालू होतो आणि पैसे किरकोळ गोष्टींत विरून जातात.

पुढच्या भेटीला मी पती-पत्नींना एकत्र बोलावलं आणि वहीचं कोरं पान उघडायला सांगितलं. वर्षातून एकदाच किंवा दोनदाच येणारे खर्च लिहा, म्हटलं. विम्याचा हप्ता, मुलांची फी, गाडीची दुरुस्ती, आरोग्य तपासण्या, चष्मा, बंद पडू शकणारी घरातली यंत्रं. सगळ्यांची बेरीज करून बाराने भागा. जो आकडा आला तो त्यांच्या ‘उरणाऱ्या’ रकमेच्या निम्म्याहून जास्त होता.

त्यांचा चेहरा पडला. “म्हणजे एवढेही उरत नाहीत तर.”

बाईंचा मात्र उजळला. “म्हणजे मी उधळत नव्हते!” त्या एकदम म्हणाल्या. “अहो, तुम्हीच विचारत होतात ना, पैसे जातात कुठे म्हणून? हे बघा, इथे जातात.”

इतके महिने त्या घरात न बोलता एक संशय वावरत होता, हे मला त्या वाक्यातून कळलं. हिशेबाच्या पानाने तो संपवला. मी काही सांगण्याची गरज उरली नाही. नवरा-बायकोंनी हे पान एकत्र बसून लिहावं असा माझा आग्रह असतो तो यासाठी. एकट्याने लिहिलं तर तो हिशेब होतो, दोघांनी लिहिलं तर पुष्कळदा समेट होतो.

रिचर्ड थेलर या अर्थशास्त्रज्ञांनी माणसं मनातल्या मनात पैशांचे कप्पे कसे करतात याचा बारकाईने अभ्यास केला. त्यांना २०१७ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. तीच रक्कम ‘पगार’ म्हणून आली तर आपण जपून वापरतो, ‘बक्षीस’ म्हणून आली तर उडवतो. शास्त्रात ही गोष्ट बहुधा तर्कातली खोट म्हणून मांडली जाते. मी तिच्याकडून काम करून घेते. बिननावाचे पैसे सगळ्यात आधी संपतात, म्हणून पैसे येण्याआधीच त्यांना नाव द्यायचं आणि आले की त्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाकायचे. वर्षाच्या खर्चाचा बारावा भाग तर असा बाजूला जायलाच हवा. तो शिल्लक नाहीच, ते पुढच्या तारखेचं बिल आहे.

तरीही थोडे पैसे खरोखरच उरत होते. वही पुन्हा उघडली गेली आणि आता पर्याय वाढले होते.

लोकांना वाटतं, हप्ते संपले की मनही मोकळं होतं. तसं लगेच होत नाही. टंचाई माणसाच्या विचारांवर ताबा मिळवते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तमिळनाडूतल्या ऊस उत्पादक शेतकऱ्यांच्या आकलनाच्या चाचण्या घेतल्या होत्या. माणसं तीच, पण कापणीआधी हातात पैसा नसताना त्यांची कामगिरी कमी भरली आणि पीक विकून पैसा आल्यावर सुधारली. हुशारी बदलली नव्हती, डोक्यावरचा भार बदलला होता. आमच्या या गृहस्थांचा हप्ता संपला होता, पण वर्षानुवर्षं अंगवळणी पडलेली ‘एकही चूक परवडणार नाही’ ही शिस्त सुटायला तयार नव्हती. टंचाईत तिने घर तारलं होतं. आता तीच आडवी येत होती.

मग मी त्यांना तो प्रश्न विचारला, जो मी आता जवळजवळ प्रत्येकाला विचारते.

“समजा, या महिन्याची ही सगळी रक्कम तुमच्या खिशातून रस्त्यात पडली. गेली. मिळण्याची शक्यता नाही. पुढच्या महिन्यात काय होईल?”

त्यांना प्रश्न आवडला नाही. “असं कसं पडेल? मी खिशात ठेवणारच नाही.”

“पडली असं धरा.”

बराच वेळ ते वहीकडे पाहत राहिले. मनात खरंच हिशेब करत होते. किराणा, फी, वीज. मी गप्प राहिले. अशा वेळी मदत करायला धावणारा समुपदेशक माणसाच्या हातचं उत्तर हिसकावून घेतो, हे माझं ठाम मत आहे.

“काहीच होणार नाही,” ते शेवटी म्हणाले. स्वतःच्या उत्तराचं त्यांनाच आश्चर्य वाटलेलं दिसलं. “वाईट वाटेल. पण घर चालेल.”

“सगळे गेले तरी घर चालेल. मग थोडे चुकीच्या जागी गेले तर?”

“तरी चालेल.”

“मग झोप कशाने उडते?”

या वेळी उत्तर लवकर आलं. “साडू काय म्हणतील याने.”

साडूंनी काही वर्षांपूर्वी योग्य वेळी जागा घेतली होती आणि प्रत्येक कौटुंबिक बैठकीत तो विषय निघत होता. आमचे गृहस्थ तेव्हा हप्ते फेडत होते. आता पहिल्यांदाच त्यांच्या हातात स्वतःचा म्हणावा असा पैसा आला होता आणि त्या चिमूटभर रकमेवर त्यांनी नकळत एक जबाबदारी टाकली होती: आपण मूर्ख नाही हे तिने सिद्ध करायचं. एवढं काम कोणती रक्कम करणार? वहीतल्या पर्यायांपैकी एकही पर्याय त्या परीक्षेला उतरत नव्हता, कारण ती परीक्षा पैशांची नव्हतीच.

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेल्या विवेकनिष्ठ पद्धतीने काम करते. तिची सगळी परिभाषा इथे नको. तिचा गाभा मला या खोलीत रोज दिसतो. ‘निर्णय चांगला व्हावा’ ही इच्छा माणसाला कामाला लावते. ‘निर्णय अचूकच झाला पाहिजे, नाहीतर मी कवडीमोल’ ही सक्ती त्याला जागच्या जागी खिळवते. बाहेरून दोन्ही ‘विचारपूर्वक वागणं’ असंच दिसतं. फरक ओळखायची माझी खूण साधी आहे: विचार करून वही मिटली जाते की आणखी पानं भरतात?

डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये दाखवलं, की तेवढ्याच लाभाच्या सुखापेक्षा तेवढ्याच तोट्याचं दुःख माणसाला जास्त लागतं. त्यामुळे छोटा तोटाही बोचणार, हे मान्य. बोचणं टाळता येत नाही. त्या बोचण्यावरून स्वतःच्या अकलेचा निकाल लावणं मात्र टाळता येतं.

त्या गृहस्थांच्या निमित्ताने माझ्या ध्यानात आलेली आणि तेव्हापासून मी सगळ्यांना सांगत आलेली गोष्ट अशी. थोड्या उरलेल्या पैशांचा सर्वांत मोठा उपयोग त्यांच्या वाढण्यात नाही. निर्णय घ्यायला शिकण्यासाठी एवढी स्वस्त संधी दुसरी मिळत नाही. पोहायला कमरेएवढ्या पाण्यात शिकतात. पण पैशांच्या बाबतीत आपण मोठी रक्कम येण्याची वाट पाहतो, निवृत्तीची, वारशाची, आणि आयुष्यातला पहिला स्वतंत्र निर्णय तिथे घेतो, जिथे पाय टेकत नाहीत.

याचा अर्थ पैसे कुठेही टाका असा नाही. हरवण्याच्या प्रश्नाचं उत्तर प्रत्येकाचं सारखं येत नाही, आणि म्हणूनच मला तो प्रश्न आवडतो. एका बाईंना तोच प्रश्न विचारला तेव्हा त्या ताडकन म्हणाल्या, “आईची औषधं थांबतील.” त्या दरमहा ती रक्कम कुणा ओळखीच्याच्या भरघोस परताव्याच्या योजनेत टाकायच्या बेतात होत्या. ज्याच्या जाण्याने औषध थांबतं तो पैसा रिकामा नाही. तो हाताशी, लगेच काढता येईल असा असला पाहिजे. महिनाभराचा आवश्यक खर्च निघेल एवढी गंगाजळी साठेपर्यंत त्याला दुसरं काम देऊ नये, आणि पुढे ती तीन महिन्यांपर्यंत नेता आली तर उत्तम. अशा पैशांवर व्याज कमी मिळतं म्हणून लोक हळहळतात. त्या पैशांचं व्याज रात्रीच्या झोपेत मिळतं, असं मी त्यांना सांगते. (हे ऐकून हसत नाहीत असे लोक कमी.)

आणि डोक्यावर महागडी उधारी असेल तर पर्याय शोधूच नका. क्रेडिट कार्डावर महिन्याला तीन टक्क्यांनी थकलेली रक्कम घ्या. रक्कम किती काळात दुप्पट होते हे काढायचा एक ढोबळ नियम आहे: ७२ ला व्याजाच्या दराने भागायचं. इथे ७२ ला तीनने भागा, २४ येतात. म्हणजे न फेडलेलं देणं साधारण २४ महिन्यांत दुप्पट होतं. ते फेडण्याइतका खात्रीचा फायदा कुठलीही गुंतवणूक देत नाही. तरी माणसं एका हाताने थकबाकी ठेवतात आणि दुसऱ्या हाताने बचत करतात, कारण बचत केल्याचं समाधान दिसतं आणि देणं घटल्याचं दिसत नाही. अशांना मी घटत जाणारा आकडा भिंतीवर लावायला सांगते.

हे दोन्ही आटोपलेलं असेल, तर मी विचारते: घरात रोज खुपणारी एक गोष्ट कोणती? पाठ दुखवणारी खुर्ची, अंधुक झालेला चष्मा, न लागणारं दार. रोज होणारा त्रास एकदाच पैसे देऊन थांबवता येत असेल, तर तेवढ्या रकमेत एवढं समाधान देणारं दुसरं काही मला तरी माहीत नाही. चैनीच्या वस्तूची सवय होऊन जाते. गेलेल्या कटकटीची सुटका पुष्कळ दिवस जाणवते.

दुसऱ्यावर खर्च करण्याचाही विचार जरूर करावा. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात लोकांना सकाळी पाच किंवा वीस डॉलर देऊन संध्याकाळपर्यंत खर्च करायला सांगितलं होतं, काहींना स्वतःवर, काहींना दुसऱ्यासाठी. दुसऱ्यासाठी खर्च करणारे संध्याकाळी जास्त आनंदी होते, आणि रक्कम पाच होती की वीस याने फरक पडला नव्हता. थोड्याच पैशांत जमणारी गोष्ट आहे ही. मात्र मागणाऱ्याला नाही म्हणता येत नाही म्हणून दिलेले पैसे यात धरू नका. ते देऊन आनंद होत नाही, राग साठतो.

त्या गृहस्थांना मी एवढंच सांगितलं, की आठवड्याभरात एक पर्याय निवडायचा, बाकीची पानं फाडायची आणि तीन महिने त्या निर्णयाची फेरतपासणी करायची नाही. फाडण्यावरून घासाघीस झाली. शेवटी पानं पिनने बंद करण्यावर तडजोड झाली. निम्मे पैसे दरमहा आपोआप वळते होणाऱ्या साध्या आवर्ती ठेवीत गेले, निम्म्यांतून त्यांनी कामात उपयोगी पडेल असा सुट्टीच्या दिवसांचा एक अभ्यासक्रम घेतला.

अभ्यासक्रम साफ टुकार निघाला. त्यांनी तो मध्येच सोडला आणि फी परत मिळाली नाही. पुढच्या भेटीत हे त्यांनी पंख्याच्या आवाजाबद्दल बोलावं तितक्या सहज सांगितलं. मी मुद्दाम विचारलं, “साडूंना कळलं?”

“मीच सांगितलं,” ते म्हणाले. “तर त्यांनी त्यांचे दोन फसलेले व्यवहार सांगितले. जागेच्या आधीचे. ते कधी बोललेच नव्हते.”

त्यानंतर काही महिन्यांनी ते पुन्हा आले. या वेळी कार्यालयाकडून थकबाकीची बरीच मोठी रक्कम मिळणार होती आणि ती हरवली तर घराला फरक पडला असता, हे त्यांनी स्वतःच आधी सांगितलं. तो माझा प्रांत नव्हे. मी त्यांना अर्थसल्लागाराकडे जायला सांगितलं आणि एक प्रश्न लिहून दिला: तुमचं उत्पन्न माझ्या फीमधून येतं, की तुम्ही मला जे विकाल त्याच्या कमिशनमधून?