उतार, आरपीएम आणि न्यूट्रलचा हट्ट

ऊस, सोयाबीनची वाहतूक सुरू झाली की ट्रकवाल्यांच्या पत्रांतून तेच प्रश्न येतात. निवडक उत्तरे.

प्रश्न : आरपीएमच्या काट्याखालचा हिरवा पट्टा कशासाठी? (लातूर)

आरपीएम म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे. कमी डिझेलमध्ये इंजिन चांगलं ओढतं, ती ही हद्द. सपाटीवर काटा तिथेच ठेवा.

प्रश्न : एक्झॉस्ट ब्रेकनं इंजिन खराब होतं म्हणे. काढून टाकू का? (जालना)

होत नाही. धुराची वाट अडवून तो इंजिनालाच गाडी रोखायला लावतो. काढू नका.

प्रश्न : मांजरसुंब्याहून बीडकडे उतरताना भरली गाडी न्यूट्रल केली तर किती डिझेल वाचेल? (केज)

थेंबभरही नाही. इलेक्ट्रॉनिक इंजिनात गेअर टाकलेला असताना रेसवरून पाय काढला की इंजेक्टर डिझेल बंद करतात. गाडीच इंजिन फिरवते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहायला डिझेल लागतंच. वर सगळा भार ब्रेकवर. ड्रम (चाकाबरोबर फिरणारं ब्रेकचं भांडं) तापून फुगतो, त्यावर घासणाऱ्या पट्टीची, म्हणजे लायनरची, पकड जाते आणि पायाखाली ब्रेक असून गाडी थांबत नाही. ब्रेक हवेच्या दाबावर चालतात, सारखा ब्रेक मारून ती हवा संपते. इंजिन मंद, म्हणून कॉम्प्रेसरही ती हळूच भरतो.

गेअर घाट सुरू होण्याआधीच पाडा. चढताना जो लागेल तो, किंवा त्याच्याही खालचा. अर्ध्या उतारावर पाडायला गेलात आणि पडला नाही, तर न्यूट्रलमध्येच अडकाल. एक्झॉस्ट ब्रेक चढ्या आरपीएमला धरतो, हजाराच्या आसपास त्याचा जोर नावालाच; म्हणून उतारावर काटा हिरव्याच्या वर गेला तर घाबरू नका. लाल पट्टा मात्र शिवायचा नाही. गव्हर्नर (इंजिनाचा वेग आवरणारा भाग) डिझेल तोडतो, चाकांनी फिरवलेलं इंजिन तो रोखू शकत नाही. मग व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. ठरवलेला वेग ओलांडला की घट्ट ब्रेक मारा, आठ-दहा किलोमीटरनं उतरवा, सोडून द्या. पाय ठेवून बसू नका. तुमच्या इंजिनाचे आकडे पुस्तिकेत पाहा, नाहीतर कंपनीच्या वर्कशॉपमध्ये विचारा.

प्रश्न : चिप बसवली की ताकद आणि अ‍ॅव्हरेज दोन्ही वाढतं, असं दुकानदार सांगतो. (परभणी)

तो चिप विकतो, दुसरं काय सांगणार! अशा बहुतेक डब्या सेन्सरचा आकडा खोटा दाखवून डिझेल जास्त सोडायला लावतात. टर्बो तापतो, वॉरंटी जाते. अ‍ॅव्हरेज पडलं असेल तर आधी एअर फिल्टर आणि टायरची हवा तपासून घ्या.

प्रश्न : दोन महिन्यांपासून घाट उतरल्यावर मागच्या चाकातून धूर येतो. पाणी मारू का? (धाराशिव)

मुळीच नाही, तापलेला ड्रम तडकेल. सपाटीला थांबा, चाकांना दगड लावा, आपोआप थंड होऊ द्या. पण दोन महिने कशाची वाट पाहिलीत? एकाच चाकाचा लायनर घासत असेल, नाहीतर स्लॅक अ‍ॅडजस्टर (लायनर आणि ड्रममधलं अंतर राखणारा भाग) बिघडला असेल. पुढची खेप भरण्याआधी ड्रम उघडून घ्या.